उठावाची छपाई: शाई नसताना अक्षर वर कसं येतं

लग्नपत्रिका हातात आली की ती आधी उलटी करून बघा. पुढच्या बाजूला गणपती उठून आलेला आहे आणि मागे नेमक्या त्याच जागी खळगा आहे, तर ते एम्बॉसिंग. मागची बाजू सपाट असेल आणि पुढचं अक्षर नखाला जाड, चकचकीत लागत असेल, तर ती थर्मोग्राफी किंवा यूव्हीचा थर, म्हणजे अतिनील प्रकाशाने वाळवलेलं वार्निश. दुकानदार दोन्हींना 'उठावाची छपाई' म्हणतो, नमुना दाखवताना दोन्ही एकाच गठ्ठ्यात ठेवतो, पण ही दोन कामं एकमेकांच्या जवळपासही नाहीत. पहिल्यात कागदच वाकवलेला असतो. दुसऱ्यात कागदावर काहीतरी चढवलेलं असतं.

थर्मोग्राफीचं आधी उरकून घेऊ, कारण ती समजायला सोपी आहे. ओल्या शाईवर राळेची बारीक भुकटी टाकतात, न चिकटलेली भुकटी ओढून घेतात आणि कागद तापलेल्या बोगद्यातून पुढे सरकवतात. भुकटी वितळते, फुगते, थंड झाली की कडक होते. डाय, म्हणजे कोरलेला धातूचा ठसा, लागत नाही, म्हणून स्वस्त. पण असं लेटरहेड छापून घेतलं आणि पुढे ऑफिसात लेझर प्रिंटरमध्ये घातलं, तर प्रिंटरचा तापलेला रोलर तीच भुकटी पुन्हा वितळवतो आणि नाव रोलरला चिकटतं. लेझर प्रिंटरमधून जाणारा कागद असेल तर थर्मोग्राफी करायचीच नाही, हे ऑर्डर देताना लक्षात असू द्या.

आता खरं एम्बॉसिंग.

डाय आणि काउंटर

सगळं काम दोन तुकड्यांत आहे. डायमध्ये आकृती खोल कोरलेली असते, आरशात दिसते तशी उलटी. प्रेसमध्ये तिला फीमेल म्हणतात. काउंटर म्हणजे तिचा वर आलेला जोडीदार, मेल. कागदाची पुढची बाजू डायकडे ठेवायची आणि मशीन बंद करायचं. काउंटर मागून कागदाला डायच्या खळग्यात ढकलतो. मशीन उघडलं की तंतू तसेच वाकलेले राहतात. जोडी उलटी वापरून आकृती पुढून आत दाबली तर ते डीबॉसिंग. कापडी बांधणीच्या पुस्तकावर नाव आत बसलेलं दिसतं, ते हेच.

देव्हाऱ्यातले टाकही याच पद्धतीने घडतात. खंडोबाचा किंवा तुळजाभवानीचा खोल कोरलेला धातूचा ठसा, त्यावर चांदीचा पातळ पत्रा, पत्र्यावर शिशाचा तुकडा आणि वरून हातोडी. शिसं मऊ असल्याने ते ठशाच्या खळग्यात शिरतं आणि पत्र्याला सोबत घेऊन जातं. म्हणजे तिथे काउंटर शिशाचा. फरक असा की चांदी भरपूर ताणली जाते आणि ताणलेली राहते. कागदाला ती सोय नाही, आणि एम्बॉसिंगमधली जवळजवळ सगळी डोकेदुखी इथूनच सुरू होते.

कागद किती ताणतो

मशीनवर बनलेल्या कागदाचे तंतू बहुतेक एका दिशेने झोपलेले असतात. त्या दिशेने साधा कागद साधारण दोन टक्के ताणला की तुटतो. आडव्या दिशेने थोडा जास्त, चार-पाच टक्के. आता अर्धा मिलिमीटर उंच उठाव घ्या आणि त्याची कड पंचेचाळीस अंशांत उतरती धरा. अर्धा मिलिमीटर सपाट जागेवर कागदाला आता ०.७ मिलिमीटर अंतर कापायचं आहे. ही चाळीस टक्के वाढ झाली. एवढं ताणणं कागदाच्या कुवतीबाहेरचं.

मग तो मार्ग काढतो. शेजारचा कागद थोडा आत ओढून घेतो, कडेवर दबून पातळ होतो, आणि तेवढ्याने भागलं नाही तर तडकतो. आकृतीभोवती बारीक सुरकुत्या दिसतात त्या ओढाताणीमुळे. कडेवर चकाकणारी रेघ दिसते ती दबल्यामुळे. तडा तर उघडच दिसतो. या तीन खुणा ओळखता आल्या की बिघाड कुठे आहे हे शीट बघूनच कळतं.

कागद निवडताना जीएसएमएवढंच (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) महत्त्व जाडीला आणि तंतूंना आहे. ३०० जीएसएमचं चकचकीत आर्ट कार्ड साधारण ०.२८ ते ०.३० मिलिमीटर भरतं. तेवढ्याच वजनाचं बिनलेपाचं कार्ड ०.३८ ते ०.४० पर्यंत जातं, कारण ते दाबून गुळगुळीत केलेलं नसतं, आत हवा असते. ही हवा एम्बॉसिंगच्या कामाची. कागदाला दबायला जागा मिळते, उठाव खोल आणि मऊ दिसतो. पत्रिकेला २५० ते ३५० जीएसएमचं बिनलेपाचं किंवा कापसाचं कार्ड उत्तम. शंभर जीएसएमच्या खाली उथळ शिक्का बसतो, चित्र बसत नाही. पुनर्वापराच्या कागदात तंतू आखूड झालेले असतात, तो लवकर तडकतो. आर्ट कार्डावरचा लेप कागदापेक्षा ठिसूळ असतो. गडद रंग छापून त्यावर खोल एम्बॉस केलं की कडेला पांढऱ्या रेघा फुटतात. गडद मरून किंवा गर्द निळी पत्रिका हवी असेल तर आतून-बाहेरून रंगीत असलेला कागदच घ्यावा, छापलेला रंग नको.

मराठवाड्यात या कामाला साजेसा कागद घरच्या घरीच आहे. दौलताबादहून खुलताबादकडे जाताना कागजीपुरा हे गाव लागतं. महंमद तुघलकाने १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा सोबत आलेल्या कारागिरांनी इथे हातकागद सुरू केला, असं तिथली परंपरा सांगते. कापसाच्या चिंध्यांच्या लगद्यापासून केलेल्या हातकागदात तंतू लांब असतात आणि ते एकाच दिशेला झोपलेले नसतात, त्यामुळे तो सगळीकडून सारखा ताणतो आणि उठाव सुंदर धरतो. अडचण एकच: एका शीटची जाडी दुसऱ्यासारखी नसते, किंबहुना एकाच शीटच्या दोन कोपऱ्यांचीही नसते. म्हणून हातकागदाला मोठी, सैल, एका पातळीची आकृती द्यावी. बारीक नक्षी दिली की काही शीटवर ती पूर्ण येते आणि काहींवर अर्धीच.

डाय कशाची

मॅग्नेशियमची डाय सगळ्यांत स्वस्त. फिल्मवरून आकृती उतरवून आम्लाने खोदतात, त्यामुळे खोली सगळीकडे एकच मिळते. पाच-सातशे पत्रिका, एखाद्या संस्थेचं बोधचिन्ह, असल्या कामाला ती पुरते. काही हजार ठोक्यांनंतर तिच्या कडा बोथट होतात. तांबं त्याहून टिकाऊ आणि बारीक रेघ चांगली धरतं. पितळेची डाय कोरून काढतात, हल्ली बहुधा संगणकावर चालणाऱ्या सीएनसी यंत्रावर, आणि शेवटचा हात माणूस फिरवतो. लाखाच्या घरात प्रती काढायच्या असतील किंवा अनेक पातळ्यांची आकृती असेल तर पितळेला पर्याय नाही.

पातळ्यांचं गणित गणपतीवरूनच समजतं. एका पातळीच्या डायमध्ये सोंड, पोट आणि मोदक एकाच उंचीवर येतात, मध्ये फक्त रेघांच्या खाचा. अनेक पातळ्यांच्या डायमध्ये पोट वर, त्यावर सोंड आणखी वर, कान मागे. आणि घडीव डायमध्ये पातळ्या वेगळ्या मोजताच येत नाहीत, पोट खरोखर गोल उतरतं. किंमत त्याच क्रमाने वाढते. डायचा दर चौरस इंचावर किंवा चौरस सेंटिमीटरवर लागतो, म्हणून चार कोपऱ्यांत चार छोट्या वेली असतील तर त्या वेगळ्या चार डाय करून घेणं बहुधा स्वस्त पडतं. एकच मोठी डाय केली तर मधल्या रिकाम्या धातूचेही पैसे जातात.

डायची कड हा सगळ्यात कमी विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त काम बिघडवणारा भाग. उभी कड कागद कापते. तीस ते पन्नास अंशांचा उतार आणि वरचा कोपरा किंचित गोल, असं सांगून करून घ्यावं. खोली किती हवी? साध्या कार्डावर कागदाच्या जाडीएवढी ते दीडपट. त्याहून खोल हवं असेल तर उतार लांबवावा लागतो, आणि उतार लांबला की बारीक तपशील जातो. दोन्ही एकदम मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हे आधीच सांगितलेलं बरं.

देवनागरीची वेगळी अडचण

एम्बॉसिंगची बहुतेक माहिती रोमन अक्षरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असते. तिथे प्रत्येक अक्षर सुटं, त्यामुळे दोन अक्षरांमधला कागद मोकळा राहतो. आपल्याकडे शिरोरेषा आहे. 'शुभविवाह' हा शब्द एम्बॉस केला की डोक्यावर सलग एक बांध उभा राहतो, आणि त्याच्या दोन्ही टोकांना कागद ओढला जातो. टोकांपाशी तिरप्या सुरकुत्या पडतात. यावर दोन उपाय आहेत: शिरोरेषेची टोकं गोल करायची आणि तिची उंची अक्षरांपेक्षा थोडी कमी ठेवायची.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. द्ध, क्ष, ज्ञ, ष्ट्र यांच्यात आतल्या पोकळ्या इतक्या लहान असतात की दोन बाजूंचे उतार आत एकमेकांना भेटतात आणि पोकळी बुजते. 'सिद्धेश्वर' वाचताच येत नाही, नुसता उंचवटा दिसतो. रेघ अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक नको आणि दोन रेघांमधली जागाही तेवढी तरी हवी. प्रत्यक्षात हे साधायचं तर अक्षर अठरा पॉइंटच्या खाली नेऊ नये, जोडाक्षरं असतील तर चोवीस. अनुस्वाराचा टिंब आणि नुक्ता हे लहान गोल. त्यांची कड तीव्र असेल तर काउंटरचं टोक सुईसारखं कागदातून आरपार जातं. टिंब मोठा करावा आणि त्याला घुमटासारखा आकार द्यावा.

उठावात अक्षर मूळ डिझाइनपेक्षा बारीक वाटतं, कारण दोन्ही कडांचे उतार सावलीत जातात आणि डोळ्याला फक्त वरचा माथा दिसतो. म्हणून फाँटची जाडी दहा-पंधरा टक्के वाढवून डायला द्यायची. सुलेखनातली निमुळती टोकं, जी संगणकाच्या पडद्यावर फार देखणी दिसतात, ती कागदावर नाहीशी होतात.

मशीनवर

हे काम ट्रेडलवर (हाताने शीट घालायचं जुनं छपाई यंत्र), विंडमिलवर (स्वतः शीट उचलणारं यंत्र) किंवा फॉइल-पंचिंगच्या मोठ्या मशीनवर होतं. मराठवाड्यातल्या गावोगावच्या प्रेसमध्ये ऑफसेट आल्यावर ट्रेडल कोपऱ्यात गेलं, पण मोडीत न काढलेलं ट्रेडल आज नंबरिंग, क्रीजिंग (घडीची रेघ पाडणं) आणि एम्बॉसिंगसाठीच चालतं.

लावणी अशी. डाय बेसवर घट्ट बसवायची, हलता कामा नये. समोरच्या प्लेटनवर, म्हणजे दाब देणाऱ्या सपाट पाटावर, काउंटर तयार करायचा. जुनी रीत म्हणजे पुठ्ठ्याचे थर चिकटवून, ओले करून डाय दाबत राहायचं, खळगे भरेपर्यंत. हल्ली इपॉक्सीची पुटी वापरतात किंवा डायसोबत साच्यातून काढलेला तयार काउंटर मागवतात. पुटी वापरायची असेल तर डायवर आधी प्लास्टिकची पातळ फिल्म टाकायची, नाहीतर पुटी डायला धरते आणि मग ती कोरून काढण्यात दिवस जातो. पुटी पूर्ण कडक झाल्यावर आकृतीच्या बाहेर सांडलेला भाग कापून, कडा कानशीने उतरत्या करायच्या. न कापलेली कड प्रत्येक शीटवर आकृतीभोवती एक चौकट उमटवते. ती डायची चूक समजून लोक डाय परत पाठवतात.

काउंटर आणि डाय बंद झाल्यावर त्यांच्यात बरोबर एका कागदाएवढी फट उरली पाहिजे. फट कमी पडली तर कागद चिरतो, जास्त झाली तर उठाव मऊ आणि अर्धवट येतो. म्हणूनच ऐनवेळी कागद बदलू नये. ३०० जीएसएमवर लावलेला काउंटर १७० वर ढिला पडतो आणि ४०० चं कार्ड कापून टाकतो.

दाब सगळीकडे सारखा आहे का हे बघायला शीटवर कार्बन कागद ठेवून एक ठोका घ्यावा. जिथे कार्बन फिका, तिथे प्लेटनच्या मागे टिश्यू किंवा बटर पेपरचा तुकडा चिकटवायचा. याला मेकरेडी म्हणतात. अवघड आकृतीला यात दोन-तीन तास सहज जातात, आणि प्रेसवाला लहान ऑर्डरलाही मोठा दर का लावतो याचं उत्तर याच वेळेत आहे. शंभर पत्रिका आणि हजार पत्रिका, लावणी तेवढीच. दाब वाढवून मेकरेडी टाळता येते असं वाटतं. तसं केलं की वर आलेला भाग आणखी दाबला जातो, फिका भाग फिकाच राहतो.

कोरं एम्बॉसिंग थंड डायनेही होतं, पण डाय थोडी तापवली की तंतू मऊ पडतात आणि आकार जास्त टिकतो. सोनेरी फॉइलसोबत करायचं असेल तर उष्णता लागतेच, साधारण शंभर ते एकशेतीस अंश, फॉइलच्या जातीप्रमाणे. कमी तापमानाला फॉइल तुटकं चिकटतं. जास्त झालं तर अक्षरांच्या पोकळ्या भरतात आणि सोनं काळवंडतं. फॉइल आणि उठाव एकाच ठोक्यात करणारी डायही मिळते; दोन वेळा शीट घालताना जागा चुकण्याचा धोका तिच्यात नाही, पण ती पितळेचीच करावी लागते.

ट्रेडलवर हाताने शीट घालणाऱ्याने प्लेटन बंद होताना वाकडी पडलेली शीट सरळ करायला हात घालायचा नाही. ती शीट वाया जाऊ द्यायची. शेकडा पाच-दहा शीट जास्तीच्या मोजून घेतलेल्याच असतात.

मार्च ते जून

कागदाला ओलावा लागतो. पन्नास-पंचावन्न टक्के आर्द्रतेला तो सर्वात चांगला वागतो. मराठवाड्यात एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर आणि दुपारची आर्द्रता वीस-पंचवीस टक्क्यांवर. आणि लग्नाची कामं नेमकी याच दिवसांत. वाळलेला तंतू वाकत नाही, मोडतो. जी डाय आणि जो कागद डिसेंबरमध्ये छान चालला, तोच मे महिन्यात प्रत्येक पाचव्या शीटवर तडकतो, आणि दोष कागदवाल्याला मिळतो.

रीम आदल्या दिवशी फोडून पंख्याखाली ठेवणं हे सर्वात वाईट. प्लास्टिकचं वेष्टन मशीन लागेपर्यंत काढूच नये. कूलर लावलेली खोली असेल तर कागद वेष्टनासकट तिथे एक दिवस ठेवावा, आणि मेहनतीची शीट सकाळी लवकर किंवा संध्याकाळी मारावीत. पावसाळ्यात उलटं होतं: कागद ओलावा पिऊन आडव्या दिशेने वाढतो, छापलेलं चित्र आणि डाय जुळत नाहीत. छापलेल्या गुलाबाच्या शेजारी उठावाचा दुसरा गुलाब दिसतो. छपाई आणि एम्बॉसिंग यांत चार-पाच दिवसांचं अंतर पडलं तर हे हमखास.

कामाचा क्रम

आधी ऑफसेट, मग लॅमिनेशन किंवा स्पॉट यूव्ही (ठरावीक जागीच यूव्हीचा थर), मग फॉइल, मग एम्बॉसिंग, शेवटी पंचिंग (आकारात कापणं) आणि क्रीजिंग. एम्बॉसिंग आधी केलं तर ऑफसेटचा रबरी ब्लँकेट उठाव सपाट करून टाकतो. डिजिटल प्रिंटवर मात्र सांभाळून: टोनर, म्हणजे त्यातली भुकटीची शाई, कागदात मुरत नाही, वर बसतो, आणि वाकवला की सुटतो.

संभाजीनगरच्या गुलमंडीत, किंवा नांदेड-लातूरच्या बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच पत्रिका तयार येतात, शिवकाशीहून, दिल्लीच्या चावडी बाजारातून, मुंबईहून. गणपती आणि वेलबुट्टी तिकडेच एम्बॉस झालेली असते, इथे फक्त मजकूर पडतो. तो स्क्रीन प्रिंटिंगने टाकला तर उठावाला काही होत नाही, कारण स्क्रीनमध्ये दाब नसतो. घाईत मिनी ऑफसेटवर मारला की गणपतीचं पोट बसतं. शेवटची खोच कटिंग मशीनची: गठ्ठा धरून ठेवणारा क्लॅम्प जिथे बसतो तिथला उठाव सपाट होतो. उठाव कडेपासून आत ठेवा, किंवा गठ्ठा लहान करून वर जाड फोम टाका.

पत्रिकेपलीकडे

शाई न लावलेला, कोरा उठाव फक्त सावलीवर दिसतो. हा धडा आशियातल्या पहिल्या टपाल तिकिटांनीच देऊन ठेवला आहे. १८५२ मध्ये सिंध प्रांतात बार्टल फ्रिअरने अर्ध्या आण्याची गोल तिकिटं काढली, ती एम्बॉस केलेली होती. त्यांचे तीन प्रकार निघाले. लाल लाखेसारख्या चकतीवरची तिकिटं तडकत. पांढऱ्या कागदावरचा कोरा उठाव अंधुक उजेडात दिसत नसे. निळ्या रंगातली त्यातल्या त्यात कामाची ठरली. आजही पांढऱ्यावर पांढरं मागणाऱ्याला एकच प्रश्न विचारावा: पत्रिका ट्यूबलाइटखाली बघणार की खिडकीपाशी?

कागदपत्रांवर मात्र हीच उणीव गुण ठरते. कोरा शिक्का झेरॉक्समध्ये धड येत नाही, बोटाला लागतो आणि तो पुसता येत नाही. म्हणून नोटरीचा शिक्का, संस्थांचं सील हे हाताने दाबायच्या छोट्या प्रेसने उमटवतात. साध्या ७०-८० जीएसएम कागदाला चालावं म्हणून त्याची खोली कमी असते. शिक्का अस्पष्ट असेल तर त्यावर पेन्सिलचं टोक आडवं धरून हलकेच घासलं की अक्षरं वाचता येतात. मूळ दस्तावर नव्हे, वर पातळ कागद ठेवून. कंपन्यांना असं सील ठेवण्याची सक्ती २०१५ च्या कायदादुरुस्तीने संपली, तरी अनेकजण ते ठेवतात.

नोटांचा खरखरीतपणा हे वेगळं तंत्र आहे, इंटॅग्लिओ. कोरलेल्या प्लेटच्या खाचांत दाट शाई भरतात, वरची पुसून घेतात आणि प्रचंड दाबाने कागद त्या खाचांत घुसवतात. शाईचा थर आणि कागदाचा उठाव दोन्ही एकदम येतात. नाशिकच्या करन्सी नोट प्रेसमध्ये १९२८ पासून नोटा छापल्या जातात. २०१६ नंतरच्या मालिकेतली पाचशेची नोट घेऊन डाव्या-उजव्या कडांवर बोट फिरवा: पाच तिरप्या रेघा लागतात आणि एक गोल. शंभरच्या नोटेवर चार रेघा आणि त्रिकोण. दृष्टिहीनांना नोट ओळखता यावी म्हणून हे केलेलं आहे. खूप हाताळलेल्या नोटेवर उठाव झिजतो, त्यामुळे केवळ बोटावर खरी-खोटी ठरवू नये.

ब्रेलमध्ये उठाव हीच लिपी. सहा टिंबांचं एक घर, दोन टिंबांत सुमारे अडीच मिलिमीटर अंतर, टिंबाची उंची जवळपास अर्धा मिलिमीटर. हाताने लिहिताना पाटी आणि टोच्या घेऊन उजवीकडून डावीकडे टोचतात, कारण वाचायची बाजू मागची आहे. १९५१ मध्ये भारती ब्रेल ठरलं, त्यात भारतीय भाषांच्या अक्षरांना शक्य तिथे त्याच उच्चाराच्या इंग्रजी अक्षराची टिंबं दिली. मराठी 'क' आणि इंग्रजी 'के' दोन्ही १ आणि ३ या टिंबांचे. युरोपात जाणाऱ्या औषधांच्या खोक्यांवर नाव ब्रेलमध्ये लागतं, तिथे उंची कमी, ०.२ मिलिमीटरच्या आसपास. चिकलठाणा-वाळूजसारख्या औद्योगिक पट्ट्यात निर्यातीची खोकी बनवणाऱ्यांना हे दशांश पाठ करावे लागतात. टिंब उंच केलं तर लेप फुटतो, बुटकं ठेवलं तर वाचता येत नाही. मलमाच्या ट्यूबच्या चिमटलेल्या शेपटीवर बॅच नंबर आणि मुदत असते, तीही बिनशाईची, दाबून काढलेली.

आणि गाडीची नंबर प्लेट. एमएच २० असो, २६ असो की हिंगोलीचं ३८, हाय सिक्युरिटी प्लेट एक मिलिमीटर जाडीच्या अॅल्युमिनियमची असते. अक्षरं आधी दाबून वर आणतात, मग माथ्यावर गरम रोलरने काळी फिल्म चढवतात, जिच्यावर पंचेचाळीस अंशांत देशाचं नाव असतं. उठाव असल्यामुळे रंग फक्त माथ्याला लागतो, कडा आपोआप साफ राहतात. साध्या स्टिकरच्या नकलेत हे जमत नाही. धातू असल्यामुळे ताणण्याचा प्रश्न इथे फारसा नाही; बिघाड होतो तो दाबाआधी परावर्तक फिल्म नीट न चिकटल्यामुळे, मग अक्षराच्या कोपऱ्यात बुडबुडे येतात.

ऑर्डर देताना

एम्बॉसिंगचा भाग फाइलमध्ये वेगळ्या लेयरवर, एकाच सपाट रंगात आणि व्हेक्टरमध्ये (कितीही मोठं केलं तरी कडा न फाटणारं रेघांचं चित्र) द्या. जेपीजीवरून केलेल्या डायची कड करवतीसारखी येते. पातळी एक की अनेक, खोली किती, कागद कोणता, हे बिलावर लिहून घ्या. नमुना त्याच कागदावर मागा. प्रेसमध्ये पडलेल्या दुसऱ्या कार्डावर काढलेला नमुना काहीच सांगत नाही. नमुना बघताना तो तिरप्या उजेडात धरा, जोडाक्षरं वाचून बघा, मग मागून बोट फिरवून टिंबांपाशी भोक पडलंय का ते तपासा.

डायचे पैसे तुम्ही दिले असतील तर ती तुमची. काम झालं की काउंटरसकट मागून घ्या, कारण त्या डायसाठी पुन्हा काउंटर लावायचा म्हणजे पुन्हा तेवढेच तास. मॅग्नेशियमच्या डायवर पावसाळ्यात पांढरी पूड धरते आणि बारीक रेघा खाल्ल्या जातात. मशीनचं तेल पातळ लावून, प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली तर पुढच्या लग्नाला तीच चालते, नावं फक्त स्क्रीनने बदलायची.